काटेरी मुकुट

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर केर्न्स नावाचे बंदर आहे. तेथून सुमारे २७ किलोमीटरवर भर समुद्रात ग्रीन आयलंड हे एक चिमुकले बेट आहे. बेट इतके लहान की, त्याला पायी प्रदक्षिणा घालण्यास एक तासही लागू नये. दाट झाडी, पांढरी वाळू आणि भोवताली निळेशार पाणी, एवढेच वरून दिसते; परंतु या बेटाचे खरे वैभव पाण्याखाली आहे. ते लोकांना कोरड्या अंगाने पाहता यावे, म्हणून १९५४ साली तेथील धक्क्याच्या टोकाशी समुद्राच्या तळावर एक भक्कम दालन उभारण्यात आले. पाहुणे जिना उतरून खाली जात आणि जाड काचेच्या खिडक्यांतून बाहेर पाहत. एरवी मासे पेटीत असतात आणि माणसे मोकळी असतात. येथे माणसे पेटीत उभी राहत आणि मासे मोकळे हिंडत!

खिडकीबाहेर पोवळ्यांची बाग फुललेली असे. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांची, ताटासारखी पसरट, माणसाच्या मेंदूसारखी वळ्यावळ्यांची, अशी नाना आकारांची व नाना रंगांची पोवळी तेथे दाटीने वाढली होती. १९६२ साली या बागेत एक काटेरी प्राणी मोठ्या संख्येने दिसू लागला. तो जेथून जाई, तेथे पोवळ्यांवर पांढरेशुभ्र डाग उमटत. पुढील काही वर्षांत हे डाग पसरत पसरत एकमेकांस मिळाले आणि बेटाभोवतीची बहुतेक पोवळी मरून गेली. निदान दालनाच्या आसपासचा भाग वाचावा, म्हणून पाणबुड्यांकरवी ते प्राणी हजारोंनी वेचून काढावे लागले.

पोवळे म्हटले की, अंगठीतील तांबडा खडा किंवा गळ्यातील तांबडी माळ डोळ्यांपुढे येते. ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. उष्ण समुद्रांतील उथळ पाण्यात भिंती बांधणारी पोवळी ही त्याची भावंडे होत. पोवळे हे झाड नव्हे आणि दगडही नव्हे. ती असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी बहुधा काही मिलिमीटर लांबीचा असतो. तो समुद्राच्या पाण्यातील द्रव्ये घेऊन आपल्या अंगाखाली चुन्याची वाटी तयार करतो व त्या वाटीत राहतो. त्याच्या शरीरात अतिसूक्ष्म शेवाळ वास करते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, त्यातील मोठा वाटा पोवळ्याला देते, आणि पोवळ्याला रंगही बहुतांशी त्याच्यामुळेच येतो. जुने प्राणी मरतात. त्यांच्या चुन्यावर नवे प्राणी आपला चुना चढवितात. गोल, भरीव पोवळी वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. शिंगांसारखी पोवळी त्याहून पुष्कळ वेगाने वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत पसरलेली ग्रेट बॅरिअर रीफ ही २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळरांग या इवल्या गवंड्यांनीच हजारो वर्षे खपून बांधलेली आहे. तिच्यात सुमारे तीन हजार वेगवेगळ्या प्रवाळभित्ती आहेत.

या बांधकामावर जगणारा तो काटेरी प्राणी म्हणजे एक प्रकारचा तारामासा होय. नाव मासा असले, तरी तो मासा नव्हे. त्याला ना कणा, ना कल्ले, ना पर. सर्वसाधारण ताऱ्याला पाच बाहू असतात. याला पंधरा-वीस, कधी एकवीसही असतात. हा बहुधा जेवणाच्या ताटाएवढा असतो, क्वचित त्याच्या दुपटीहून मोठाही होतो. रंग कोठे करडा-तांबूस, कोठे हिरवट, तर कोठे निळा-जांभळा. पाठीवर चार-पाच सेंटिमीटर लांबीचे विषारी काटे दाटीने उभे असतात. ते टोचले, तर तासन् तास वेदना होतात, सूज चढते आणि उलट्याही होतात. ख्रिस्ताच्या मस्तकावर काट्यांचा मुकुट चढविला होता, अशी कथा आहे. त्यावरून या प्राण्याला ‘काटेरी मुकुट’ असे नाव पडले.

त्याची जेवण्याची रीत विलक्षण आहे. इतर प्राणी अन्न पोटात नेतात. हा आपले पोटच अन्नावर नेऊन ठेवतो. पोवळ्यावर चढला की, तो आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून रुमालासारखे त्यावर पसरतो. जठरातून पाचक रस झिरपतात आणि पोवळ्यातील जिवंत भाग जागच्या जागी विरघळतो. तो रस शोषून घेतला की, चार-सहा तासांनी जठर आवरून घेऊन स्वारी पुढे निघते. मागे उरतो तो चुन्याचा पांढरा सांगाडा. थोड्याच दिवसांत त्यावर शेवाळ चढते व तो मळकट दिसू लागतो. बारीक नळ्यांसारख्या शेकडो पायांवर चालणाऱ्या या प्राण्याची गती तासाला फार तर वीस मीटर; परंतु ज्याचे भक्ष्य जागचे हलूच शकत नाही, त्याला घाई कशाची?

मात्र प्रत्येक पोवळे निमूटपणे बळी जाते, असे नाही. फुलकोबीसारख्या दिसणाऱ्या काही पोवळ्यांच्या फांद्यांत नखाएवढे खेकडे आणि छोट्या कोळंब्या राहतात. पोवळे त्यांना आसरा देते, खाऊही देते. काटेरी तारा जवळ आला की, हे खेकडे फांद्यांच्या टोकांवर धावून येतात, त्याचे मऊ पाय नांगीत पकडून चिमटे काढतात, काटे धरून ढकलतात. ताटाएवढा शत्रू आणि नखाएवढा पहारेकरी! तरीही पुष्कळदा शत्रूच माघार घेतो व शेजारचे पहारा नसलेले पोवळे शोधतो.

हा प्राणी मुळातच दुष्ट आहे, असा समज येथवर वाचून होईल, तर तो चुकीचा ठरेल. तो परका नाही. तांबड्या समुद्रापासून लक्षद्वीप व अंदमान बेटांपर्यंत आणि तेथून पॅसिफिक महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत त्याची जात, अथवा त्याच्या भावकीतील जाती, फार पूर्वीपासून नांदत आहेत. इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियस या निसर्ग-अभ्यासकाने त्याचे वर्णन केले होते. त्याचा तो ग्रंथ १७०५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. हा तारा शिंगांसारखी व ताटासारखी, झपाट्याने वाढणारी पोवळी अधिक आवडीने खातो. ती पोवळी सगळी जागा व्यापून टाकण्यास निघालेली असतात. त्यांतील थोडी कमी झाली, तर हळू वाढणाऱ्या जातींना जागा व प्रकाश मिळतो. बागेतील माळी नाही का वाढलेल्या फांद्या छाटीत?

खरा प्रश्न संख्येचा आहे. एरवी एका हेक्टरात, म्हणजे सुमारे अडीच एकरांत, असा एक ताराही आढळत नाही. तेवढे खाणे पोवळे सहज भरून काढते. हेक्टरी पंधराहून अधिक तारे झाले की, शास्त्रज्ञ त्याला उद्रेक म्हणतात. पोवळ्यांची वाढ मागे पडते आणि खाणे पुढे जाते. पूर्ण वाढलेला एक तारा वर्षाकाठी दहा चौरस मीटरपर्यंत पोवळे फस्त करतो. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर असतात. तेव्हा एक हजार तारे एका वर्षात किती फडशा पाडतील, याचा हिशेब शाळेतील कोणताही मुलगा अथवा मुलगी करू शकेल. उद्रेकाच्या वेळी भुकेले तारे रात्रीची वाट न पाहता भरदिवसा, एकमेकांच्या अंगावर चढून खाताना दिसतात. आणि सगळे संपले, तरी अंगातील साठ्यावर ते सहा महिने उपाशी राहू शकतात.

ग्रीन आयलंडवरची गोष्ट तेथेच थांबली नाही. एका भित्तीवरील ताऱ्यांची पिल्ले समुद्रप्रवाहाबरोबर दक्षिणेकडे वाहत जात, पुढच्या भित्तीवर उतरत, तेथे वाढत, आणि पुन्हा त्यांची पिल्ले पुढे जात. अशा रीतीने दहा-बारा वर्षे उद्रेक दक्षिणेकडे सरकत राहिला. १९६२ नंतर १९७९, १९९३ आणि २०१० च्या सुमारास तसाच प्रकार पुन्हा घडला. प्रत्येक वेळी आरंभ केर्न्स आणि त्याच्या उत्तरेकडील लिझर्ड बेट यांच्या दरम्यान झाला. पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाजवळ १९६७ पासून अवघ्या अडीच वर्षांत ३८ किलोमीटर किनाऱ्यालगतची जवळजवळ सगळी पोवळी नष्ट झाली. जपानच्या रिऊक्यू बेटांतही असेच संकट आले.

पोवळे गेले म्हणजे केवळ रंग गेले, असे नव्हे. फांद्यांत लपणारे लहान मासे निराधार होतात. त्यांच्यावर जगणाऱ्या मोठ्या माशांना अन्न उरत नाही. मेलेले सांगाडे ठिसूळ होऊन लाटांनी मोडतात. ज्या बेटांवरील लोक भित्तीवरच्या मासळीवर पोट भरतात, त्यांच्या ताटापर्यंत ही झळ पोहोचते.

एवढे तारे अकस्मात येतात तरी कोठून? या प्रश्नाने साठ वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांना झुंजविले आहे.

पहिला माग लागला तो एका शंखाचा. ट्रायटन नावाची एक मोठी समुद्रगोगलगाय आहे. तिचा शंख हातभर लांब व अतिशय सुंदर असतो. काट्यांची व विषाची पर्वा न करता ती या ताऱ्याला खाते. रॉबर्ट एन्डीन या ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात असे मत मांडले की, शोभेसाठी हे शंख बेसुमार गोळा केले गेले आणि शत्रू नाहीसा झाल्यामुळे तारे माजले. १९६९ मध्ये क्वीन्सलँड राज्यात या शंखाला संरक्षण मिळाले. परंतु या मतावर आक्षेपही आला. एक ट्रायटन आठवड्याला साधारण एक तारा खातो, आणि ट्रायटन मुळातच विरळा. तो हजारोंना कसा आवरणार? पुढे केलेल्या प्रयोगांत एक मौजेची गोष्ट दिसून आली. ट्रायटनचा नुसता वास पाण्यात मिसळला, तरी तारे पळ काढतात. पहारेकऱ्याने चोर पकडलाच पाहिजे असे नाही. त्याच्या काठीचा आवाजही पुष्कळ काम करतो.

दुसरा माग पावसाचा. १९८२ मध्ये चार्ल्स बर्कलंड या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पॅसिफिक महासागरातील डोंगराळ बेटांवर अतिवृष्टी झाली की, सुमारे तीन वर्षांनी मोठ्या ताऱ्यांचा उद्रेक दिसतो. याचे कारण ताऱ्याच्या बालपणात आहे. मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते. त्यांतून निघालेली पिल्ले पारदर्शक असतात व दोन ते चार आठवडे पाण्यात तरंगत सूक्ष्म वनस्पती खातात. एरवी प्रवाळसमुद्राच्या नितळ पाण्यात असे अन्न थोडे. म्हणून बहुतेक पिल्ले मरतात. पण पुराच्या पाण्याबरोबर जमिनीतील कस समुद्रात गेला की, त्या वनस्पती भरमसाट वाढतात आणि पिल्लांची चंगळ होते. कोट्यवधींपैकी आणखी काही मूठभर वाचली, तरी पुढे त्यांची फौज होते. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर उसाची विस्तीर्ण शेती आहे. तेथील खतांचा काही अंश नद्या समुद्रात नेतात. म्हणूनच खते जपून वापरा, असा आग्रह आता तेथील शेतकऱ्यांना केला जातो. तरीही या मताने सगळा उलगडा होत नाही. कारण किनाऱ्यापासून फार दूर, जेथे नदीचे पाणी क्वचितच पोहोचते, अशा भित्तींवरही उद्रेक झालेले आहेत.

तिसरा माग माशांचा. जेथे मासेमारीला पूर्ण बंदी आहे, तेथे उद्रेक कमी होतात असे आढळले आहे. कदाचित तेथील मासे लहान ताऱ्यांना, अथवा त्यांच्या पिल्लांना, गट्ट करीत असतील. उद्रेक हे निसर्गाचे जुनेच चक्र असावे, असेही काहीजण म्हणतात. त्यांनी समुद्रतळाच्या जुन्या गाळातून या ताऱ्याचे काटे शोधून काढले. पण त्या काट्यांचा अर्थ कसा लावावा, यावरही वाद झाला. एका घटनेला एकच कारण असावे, अशी माणसाच्या मनाची ओढ असते. समुद्र त्या ओढीला बांधलेला नाही.

दरम्यान, हातावर हात ठेवून बसणे शक्य नव्हते. रिऊक्यू बेटांत १९७० ते १९८३ या काळात सुमारे एक कोटी तीस लाख तारे वेचण्यात आले. तरी पुष्कळशी पोवळी वाचली नाहीत. ऑस्ट्रेलियात प्रथम मोरचुदाचे पाणी टोचून तारे मारून पाहिले. पण मोरचूद इतर जिवांनाही घातक. त्यानंतर जे रसायन आले, ते एकेका ताऱ्याच्या अंगात अनेक ठिकाणी टोचावे लागे. पाणबुड्याचा सगळा वेळ एका ताऱ्यापाशीच जाई. अखेर बैलाच्या पित्तातील क्षारांचे द्रावण उपयोगी पडले. ते एकदाच टोचले की, दिवस-दोन दिवसांत तारा मरतो. पुढे २०१५ साली स्वयंपाकघरातील साधे व्हिनेगरही तेच काम करते, असे प्रयोगाने सिद्ध झाले. लांब नळीची पिचकारी हाती घेऊन पाणबुडे भित्ती धुंडाळतात आणि सापडेल तो तारा टोचून पुढे जातात. २०१२ पासून त्यांनी दहा लाखांहून अधिक तारे याप्रमाणे मारले आहेत. यंत्रमानवाकडून हे काम करवून घेण्याचे प्रयोगही झाले. परंतु फटीत दडलेला तारा हेरणारा माणसाचा डोळा अजून निकामी ठरलेला नाही.

कोणत्या भित्तीवर जावे, हे ठरविण्यासाठी आधी मोजणी लागते. तिची पद्धत साधी आहे. एक निरीक्षक छोट्या फळीला धरून पाण्यात आडवा होतो आणि होडी त्याला दोरीने भित्तीच्या कडेकडेने ओढीत नेते. दर दोन मिनिटांनी होडी थांबते. त्या अवधीत जिवंत पोवळे किती, मेलेले किती आणि तारे किती दिसले, हे तो नोंदवितो. अशा नोंदींवरून २०१२ साली एक धक्कादायक निष्कर्ष निघाला. १९८५ पासूनच्या २७ वर्षांत ग्रेट बॅरिअर रीफवरील जिवंत पोवळे निम्म्यावर आले होते. या हानीतील ४८ टक्के वाटा चक्रीवादळांचा, ४२ टक्के या ताऱ्यांचा आणि १० टक्के वाटा पाणी तापून पोवळी पांढरी पडण्याचा होता. त्यानंतर हा तिसरा शत्रू बलवान झाला. २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षी समुद्र तापून पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. वादळाला सुई टोचता येत नाही, आणि समुद्राचे तापमान एखाद्या देशाला एकट्याने उतरविता येत नाही. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र माणसाला आजच काही करता येते. एवढ्याचसाठी या खटाटोपाला महत्त्व आहे.

पोवळी हार मानीत नाहीत, हेही खरे. वादळ व उद्रेक टळले, तर दहा-पंधरा वर्षांत भित्ती पुन्हा झाकली जाते. २०२२ साली उत्तर व मध्य भागांत जिवंत पोवळ्यांचे प्रमाण ३६ वर्षांच्या नोंदींतील सर्वांत अधिक भरले. पण ही वाढ मुख्यतः शिंगांसारख्या व ताटासारख्या जातींची होती. वादळात प्रथम मोडतात त्या याच. उन्हाने प्रथम कोमेजतात त्या याच. आणि काटेरी ताऱ्याला सर्वांत प्रिय त्याही याच. २०२४ चा तडाखा बसल्यावर २०२५ च्या पाहणीत हे प्रमाण पुन्हा झपाट्याने खाली आलेले आढळले.

पाणबुडे एकदा साफ केलेल्या भित्तीवर काही आठवड्यांनी पुन्हा जातात, आणि त्यानंतर पुन्हा जातात. पोवळ्याला सोसवतील इतकेच तारे उरेपर्यंत त्यांच्या खेपा चालू राहतात. असे का करावे लागते, याचे एक कारण २०२० मध्ये कळून आले. पाण्यातून तळावर उतरलेला बालतारा मोहरीएवढाही नसतो. त्याला तेव्हा पाचच बाहू असतात, आणि तो पोवळे खात नाही. मेलेल्या पोवळ्यांच्या ढिगाऱ्यातील लालसर शेवाळावर तो जगतो. साधारणतः सहा महिन्यांनी तो पोवळ्यांकडे वळतो, असे पूर्वी मानीत. परंतु प्रयोगशाळेत केवळ शेवाळावर ठेवलेले बालतारे साडेसहा वर्षे तसेच लहान राहून जगले. आणि पोवळे पुढ्यात येताच ते खाऊन भराभर वाढू लागले. म्हणजे, भित्ती ओस पडली तरी हे बालतारे त्याच ढिगाऱ्यात, पाणबुड्याच्या नजरेआड, नवी पोवळी उगवण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे दडून राहू शकतात.